सोलापूरच्या पाण्यात आफ्रिकन सिक्लिड कसे सांभाळायचे?

(या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना अडखळलेल्या जागा काढल्यात आणि आकडे पुन्हा तपासून घातलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



मागे एका भागात मी सहज बोलून गेलो की आमच्या घरी आफ्रिकन सिक्लिडची टँक आहे. त्यानंतर जे मेसेज आले ते सगळे त्याच विषयावर. "आमचे मासे टिकतच नाहीत." "दुकानदार म्हणतो सोलापूरचं पाणीच खराब आहे." "आरओचं पाणी घालू का?" म्हणून आजचा पूर्ण भाग यावरच.

आधीच सांगतो, मी माशांचा डॉक्टर नाही. बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा माणूस आहे. पाच वर्षं टँक सांभाळतोय, आणि पहिल्याच उन्हाळ्यात माझे सोळापैकी नऊ मासे एका रात्रीत गेले. त्या रात्री नक्की काय झालं हे समजून घेता घेता मला हा विषय कळला. म्हणून तिथूनच सुरू करतो.

[०१:२०] त्या रात्री काय झालं

मे महिना. कंपनीच्या कामासाठी मी चार दिवस पुण्याला गेलो होतो. टँक पप्पांच्या ताब्यात. "सकाळी एकदा चिमूटभर टाका" एवढंच सांगून गेलो. आता आपल्याकडे कसं असतं बघा, घरात कुणी उपाशी दिसलं की मोठ्या माणसांना राहवत नाही. आणि सिक्लिड तर असले नाटकी, की माणूस काचेजवळ आला रे आला, सगळे तोंड वासून पुढे! पप्पा सकाळी टाकायचे, दुपारी जेवल्यावर टाकायचे, रात्री बातम्या बघता बघता टाकायचे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, वारं सुटलं आणि लाईट गेली. सहा तास. इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूबलाईट होती, फिल्टर नव्हता. रात्री दोनच्या सुमाराला लाईट आली, फिल्टर आपोआप सुरू झाला, घरात सगळे झोपलेले. सकाळी पप्पांचा फोन: "अरे, मासे सगळे वर येऊन तोंड उघडझाप करतायत. काही आडवे पडलेत. काय करू सांग."

मला फोनवर काहीच सांगता आलं नाही. दुपारी घरी पोचलो तेव्हा नऊ गेले होते. टेस्ट किटने मोजलं: अमोनिया २ पीपीएम, पीएच ८.४, तापमान ३३ अंश.

दुकानदार म्हणाला, "पाणी जड आहे ओ, आरओ टाका." एक मित्र म्हणाला, "पीएच जास्त आहे बे, ॲसिड टाक." पप्पा म्हणाले, "माझ्यामुळे मेले." आणि दोन दिवस ते टँकच्या खोलीत गेलेच नाहीत.

तिघांचंही निदान चुकलं होतं. कसं, ते आता सविस्तर बघू.

[०३:४०] हे मासे मुळात कुठले?

दुकानात ज्याला 'सिचलिड' म्हणतात तो हाच सिक्लिड. आफ्रिकन म्हणजे मुख्यतः पूर्व आफ्रिकेतल्या तीन मोठ्या तलावांतले: मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया. टांगानिका जवळपास १४७० मीटर खोल, बैकलनंतर जगातला सगळ्यात खोल तलाव. मलावी सुमारे ७०० मीटर. आपल्या दुकानांत जे पिवळे, निळे, केशरी मासे दिसतात ते बहुतेक मलावीचे. त्यांतही दोन गट लक्षात ठेवा: खडकांवरचं शेवाळ खरवडून खाणारे ते 'म्बुना', आणि रंगीत 'पीकॉक', जे वाळूतले बारीक किडे टिपून खातात. हा फरक पुढे खाण्याच्या वेळी कामाला येणार आहे.

आता गंमत सांगतो. तुम्ही म्हणाल आपला आणि आफ्रिकन सिक्लिडचा काय संबंध? भिगवणला किंवा उजनीकाठी कधी चिलापी खाल्लीय? ती चिलापी म्हणजे तिलापिया, आणि तिलापिया हा आफ्रिकन सिक्लिडच आहे! मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली आणला गेला. म्हणजे आपल्या जिल्ह्यात हे कुटुंब केव्हापासून मजेत राहतंय. आपल्याच पाण्यात ते इतकं वाढलं, तर पाणी वाईट कसं म्हणायचं?

[०५:३०] सोलापूरचं पाणी: दोष नाही, सोय आहे

आपण दख्खनच्या काळ्या दगडावर राहतो. या बेसॉल्टमधून आणि काळ्या मातीतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट उतरतात. म्हणून बोअरचं पाणी जड. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. डिस्कससारख्या ॲमेझॉनच्या माशाला हे पाणी त्रासाचं. पण मलावीच्या माशाला पीएच साधारण ७.७ ते ८.६ लागतो, टांगानिकाच्या माशाला त्याहून वर, ९ च्या आसपास. पुण्या-मुंबईतले लोक मऊ पाण्यात 'सिक्लिड सॉल्ट' आणि शिंपल्यांचा चुरा विकत आणून टाकतात. आपल्याकडे ते नळातून फुकट येतं.

पण जड पाणी चांगलं म्हणून अजून जड, अजून चांगलं असं नाही. मलावीचं पाणी आपल्या काही बोअरइतकं जड नसतं. शिवाय बोअरच्या पाण्यात मुळातच नायट्रेट असू शकतं, विशेषतः शेतीजवळ किंवा जुन्या वस्तीत. म्हणून बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या. नायट्रेट जास्त निघालं तर निम्मं बोअरचं, निम्मं नळाचं असं मिसळा.

आता नळाचं पाणी. आपल्याकडे ते उजनीचं. काही थेट पाइपलाइनने, काही भीमेत सोडून टाकळीच्या उपशातून. आणि ते रोज येत नाही, हे सोलापूरकरांना मी काय सांगायचं! चार-पाच दिवसांनी पाणी सुटतं, आपण हौद, टाक्या, पिंप सगळं भरून ठेवतो. माणसांना ताप आहे, पण माशांच्या दृष्टीने यात एक फायदा लपलाय. साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन एक-दोन दिवसांत बराच उडून जातो, उघड्या पिंपात आणि एअर पंप लावला तर आणखी लवकर.

धोका आहे तो पाणी सुटतं त्याच दिवशी. "आज पाणी आलंय तर टँक पण धुऊन घेऊ" म्हणून नळाला पाइप लावून थेट टँकमध्ये. माझ्या एका मित्राने हेच केलं. ताज्या पाण्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणू पण मारतो. घाईच असेल तर दुकानातलं अँटीक्लोरीन वापरा. ते म्हणजे सोडियम थायोसल्फेट, साधे पांढरे खडे. १ पीपीएम क्लोरीन असलेल्या १०० लिटर पाण्याला ०.७ ग्रॅम पुरतं, मी अंदाजाला १ ग्रॅम धरतो. पण शक्यतो टँकसाठी एक वेगळं पिंप ठेवा, साबणाचा हात न लागलेलं, आणि फक्त त्यातलंच पाणी वापरा.

आणि आरओ? नुसतं आरओचं पाणी या माशांना घालू नका. त्यात बायकार्बोनेट जवळपास नसतं. टँकमध्ये सतत थोडं आम्ल तयार होत असतं, ते मुरवून घेणारं बायकार्बोनेटच नसेल तर पीएच एक दिवस धाडकन खाली येतो. आरओचा एकच उपयोग मी करतो, तो उन्हाळ्याच्या भागात सांगतो.

[०९:१०] खरा खुनी: अमोनिया

मासा खातो, मासा घाण करतो, उरलेलं खाणं कुजतं. या सगळ्यातून अमोनिया तयार होतो. किट जो आकडा दाखवते तो एकूण अमोनियाचा. पाण्यात तो दोन रूपांत असतो. एक अमोनियम, जो माशाला फारसा त्रास देत नाही. दुसरा मोकळा अमोनिया, जो कल्ल्यांतून सरळ रक्तात जातो आणि मारतो. कुठलं रूप किती हे ठरतं पीएच आणि तापमानावर.

हा हिशेब बघा. पीएच ७ आणि पाणी २५ अंश असेल तर एकूण अमोनियातला फक्त ०.५६ टक्के भाग विषारी रूपात असतो. पीएच ८.३ आणि तेच २५ अंश, तर १० टक्के. आणि माझ्या टँकमध्ये त्या दिवशी होता पीएच ८.४, तापमान ३३ अंश. तिथे हा भाग जातो जवळपास २० टक्क्यांवर. म्हणजे किटवर तेच '२ पीपीएम' दिसत असताना गप्पीच्या थंड, मऊ पाण्याच्या टँकपेक्षा माझ्या टँकमध्ये विष ३५ पट!

म्हणजे जे पाणी या माशांना मानवतं, त्याच पाण्यात अमोनियाला माफी नाही. म्हणून सिक्लिडच्या टँकमध्ये किटवरचा अमोनिया शून्यच हवा. "थोडासा आहे, चालतंय की" हे दुसऱ्या माशांकडे चालेल, इथे नाही.

मग ॲसिड टाकून पीएच उतरवला तर? मित्राचा सल्ला कागदावर बरोबर वाटतो. पण जड पाणी आम्लाला दाद देत नाही. टाकता टाकता बायकार्बोनेट संपतं आणि मग पीएच एकदम कोसळतो. आधीच अर्धमेल्या माशाला तो झटका सोसत नाही. पीएच आहे तसा राहू द्या, अमोनिया काढा.

अमोनिया काढतो कोण? फिल्टर. पण फिल्टर म्हणजे कचरा अडवणारी जाळी हा गैरसमज काढून टाका. फिल्टरमधल्या स्पंजवर, दगडी खड्यांवर जिवाणू राहतात. काही अमोनियाचा नायट्राइट करतात, काही नायट्राइटचा नायट्रेट. नायट्राइट पण विषारी. नायट्रेट त्यामानाने सौम्य, तो आपण पाणी बदलून काढायचा. मी तो ४० पीपीएमच्या खाली ठेवतो, २० च्या आसपास असेल तर उत्तम.

ही वस्ती तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आज टँक आणली, उद्या मासे सोडले असं करू नका. रिकामी टँक चालवायची आणि जिवाणूंना अमोनियाचं खाद्य द्यायचं. त्यासाठी नवसागर वापरता येतो, म्हणजे अमोनियम क्लोराइड. तोच, जो कल्हईला वापरायचे. पण घेताना केमिकलच्या दुकानातून शुद्ध घ्या. २०० ते २२० लिटर पाण्यात साधारण दीड ग्रॅम टाकला की अमोनिया २ पीपीएमच्या आसपास येतो. एवढा अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइट पण शून्य दिसला, की टँक तयार. मग पाण्याचा मोठा भाग बदला आणि मासे आणा.

फिल्टर धुताना स्पंज नळाखाली धरू नका. टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच पिळा. तो चकाचक करायचा नाही, फक्त पाणी वाहील एवढाच मोकळा करायचा.

[१३:००] उन्हाळा आणि लाईट

आता सोलापूरचा उन्हाळा. बाहेर ४३-४४ अंश, घरात रात्रीसुद्धा भिंती गरम. मलावीच्या माशाला २४ ते २८ अंश बरं. ३० ला तो तग धरतो, ३३ ला त्रासात असतो.

गरम पाण्यात दोन गोष्टी एकदम होतात. पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशाला लिटरमध्ये साधारण ८.३ मिलिग्रॅम, ३० ला ७.६, ३५ ला ७. आणि माशाचं शरीर तापल्यामुळे त्याला ऑक्सिजन लागतो मात्र जास्त. मिळकत कमी, खर्च जास्त. त्यात लाईट गेली आणि पाणी हलायचं थांबलं, की संपलं.

माझ्या टँकमध्ये तिसरी गोष्ट पण झाली. माझा कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे बंद डब्याचा. सहा तास पाणी वाहिलं नाही, आतल्या जिवाणूंनी डब्यातला ऑक्सिजन संपवला, ते मरायला लागले, घाण कुजायला लागली. रात्री दोनला लाईट आल्याबरोबर फिल्टरने ते सगळं पाणी टँकमध्ये ओतलं. तीन दिवसांचं जास्तीचं खाणं आधीच कुजत होतं. पीएच वरचा, पाणी गरम. चारही गोष्टी एकाच रात्री जुळल्या.

मग मी काय बदललं?

एक, साधा स्पंज फिल्टर आणि एअर पंप कायमचा इन्व्हर्टरवर. हा पंप जेमतेम काही वॅट खातो, इन्व्हर्टरला कळत पण नाही. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा पंप मिळतो, तो घेऊन ठेवा.

दोन, कॅनिस्टर आपोआप सुरू होऊ द्यायचा नाही. दोन तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर उघडायचा, आतलं पाणी टाकून द्यायचं, स्पंज टँकच्या पाण्यात हलका पिळायचा, मग सुरू.

तीन, झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा टेबल फॅन. आपली हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. माठातलं पाणी गार होतं तेच तत्त्व. फक्त त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि फॅनचा परिणाम घटतो. झाकण काढलं तर वर जाळी टाका, हे मासे उडी मारतात. पश्चिमेच्या खिडकीला आम्ही जुनी सोलापुरी चादर लावलीय. दिसायला काही खास नाही, पण दुपारचं ऊन थेट काचेवर येत नाही.

बर्फ थेट टाकू नका. फारच झालं तर बाटलीत गोठवलेलं पाणी तरंगत ठेवा, आणि तापमान हळूहळू उतरतंय का ते बघत राहा.

चार, आणि इथे येतो आरओ. फॅन लावला की माझ्या चार बाय दीड फुटाच्या टँकमधून दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडतं. म्हणजे रोज साडेपाच लिटर. पण उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. रोज वरून बोअरचं जड पाणी भरत राहिलो तर महिन्याभरात क्षार कितीतरी वाढतात. म्हणून उडालेलं पाणी भरायला आरओ किंवा मऊ पाणी, आणि आठवड्याला जे पाणी बदलायचं त्याला नेहमीचं साठवलेलं पाणी. हा फरक पाळला तर टँकचं पाणी वर्षभर सारखं राहतं.

हिवाळ्याचं फार टेन्शन घेऊ नका. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत रात्री पाणी उतरतं, तेव्हा २५ ला सेट केलेला हीटर पुरतो.

[१७:०५] खाणं: प्रेम मोजून

हे मासे उपाशी मरण्यापेक्षा जास्त खाऊन मरतात. म्बुनाचं आतडं लांब असतं, शेवाळ पचवण्यासाठी. त्यांना ब्लडवर्म, मटण, चिकन असलं काही देऊ नका. स्पिरुलिना असलेले दाणे, कधीतरी उकडलेला पालक किंवा सालं काढलेला मटार. पीकॉकला प्रथिनं थोडी जास्त चालतात, म्हणून या दोन गटांना एकत्र ठेवलं की खाण्याचा घोळ होतो. नवीन असाल तर एकच गट निवडा.

चुकीच्या आणि जास्त खाण्यातून, ताणातून जो आजार दिसतो त्याला 'मलावी ब्लोट' म्हणतात. मासा आधी खाणं सोडतो किंवा तोंडात घेऊन थुंकतो. मग पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, मग पोट फुगतं. पोट फुगल्यावर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, म्हणून पहिल्या लक्षणालाच मासा वेगळा करा, खाणं बंद करा, पाणी तपासा. आणि दिसेल ती अँटिबायोटिक मुख्य टँकमध्ये ओतू नका, काही औषधं फिल्टरमधल्या जिवाणूंना मारतात. मत्स्यरोगाची माहिती असलेल्या डॉक्टरांना विचारा.

किती द्यायचं? दिवसातून एकदा किंवा दोनदा, दीड-दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास. मोठे मासे चार दिवस काही न खाता आरामात राहतात.

[१८:५०] जागा आणि भांडणं

सिक्लिड भांडकुदळ. दोन फुटांच्या टँकमध्ये सहा मासे ठेवले तर महिन्याभरात एकच राहील, तो पण जखमी. सुरुवात किमान चार फुटांपासून. चार बाय दीड बाय दीड फूट म्हणजे साधारण २५५ लिटर. दगड-वाळू धरून वजन तीनशे किलोच्या वर जातं, तेव्हा जुन्या घरात माडीवर ठेवण्याआधी विचार करा. मजबूत स्टँड, खाली थर्माकोल, आणि जागा भिंतीलगत.

एका जातीचा एक नर आणि तीन-चार माद्या असं ठेवा, म्हणजे एकाच मादीमागे लागणं कमी होतं. आपला काळा दगड भरपूर रचा, लपायच्या जागा करा. दगड आधी टँकच्या तळावर ठेवा, मग वाळू ओता, कारण हे मासे वाळू उकरतात आणि वाळूवर रचलेला ढीग कोसळतो. एखादा फारच दादागिरी करायला लागला तर दगडांची मांडणी बदला. सगळ्यांच्या हद्दी पुसल्या जातात, काही दिवस शांतता.

आणि मादी खाणं सोडून गालफड फुगवून कोपऱ्यात बसली तर घाबरू नका, ते ब्लोट नाही. मलावीच्या माद्या अंडी तोंडात धरतात, तीन आठवड्यांच्या आसपास. चिलापीची मादी पण हेच करते.

[२०:३०] एक विनंती

मासे जास्त झाले किंवा कंटाळा आला म्हणून कंबर तलावात, हिप्परग्याला किंवा उजनीत सोडू नका. "जीव वाचवला" असं वाटतं, पण होतं उलटं. तिलापिया आणला तेव्हा उद्देश चांगलाच होता, खाण्यासाठी स्वस्त मासा. काही वर्षांतच त्याच्या बेसुमार वाढीमुळे १९५९ साली मत्स्य संशोधन समितीने त्याच्या प्रसारावर बंदी घातली, पण पाण्यात गेलेला मासा परत येत नाही. व्हिक्टोरिया तलावात याची दुसरी बाजू दिसली. तिथे १९५० च्या दशकात नाईल पर्च हा बाहेरचा मोठा मासा सोडला आणि नंतर तिथले दोनशेच्या आसपास सिक्लिडचे प्रकार नाहीसे झाले असं मानतात. आपण ज्यांना हौसेने पाळतो त्यांच्याच भावंडांची ही गोष्ट आहे. मासे नको असतील तर दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

[२१:४०] पप्पांचा फोन परत आला तर

शेवटचं. त्या सकाळी मला पप्पांना काहीच सांगता आलं नव्हतं. आज तसाच फोन आला तर हे सांगेन, याच क्रमाने:

१. खाणं पूर्ण बंद.
२. एअर पंप सुरू. नसेल तर मगाने टँकचंच पाणी उचलून फूटभर उंचीवरून परत ओतत राहा.
३. कॅनिस्टर बंद करा. उघडून साफ केल्याशिवाय सुरू करू नका.
४. पिंपातल्या साठवलेल्या पाण्याने एक तृतीयांश ते निम्मं पाणी बदला. नवीन पाणी तापमानाला जवळपास सारखं हवं.
५. मेलेले मासे लगेच काढा.
६. संध्याकाळी अमोनिया मोजा, लागलं तर परत पाणी बदला.
७. ॲसिड, औषध, मीठ, काहीही टाकू नका.

हा कागद आता टँकच्या स्टँडला चिकटवलेला आहे. शेजारी औषधाच्या गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा आहे, सोमवार ते रविवार. सहा कप्प्यांत एकेका दिवसाचं खाणं मोजून भरलेलं, रविवारचा रिकामा. मी गावाला गेलो की पप्पा त्यातलं टाकतात. डबा दाखवला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हे आधी द्यायचंस की." बरोबरच आहे. नोकरीत एखादी सिस्टीम दुसऱ्याच्या हातात देताना आम्ही पानंच्या पानं लिहितो, आणि घरी सोळा जीव "चिमूटभर टाका" म्हणून सोडून गेलो होतो. चिमूट कुणाची, किती वेळा, लाईट गेली तर काय, हे मी सांगितलंच नव्हतं. चूक माझी होती.

उरलेल्या सात माशांतले पाच आजही आहेत, त्यांची पिल्लं पण मोठी झालीत. रविवारी पप्पा काचेजवळ बसतात आणि माशांना सांगतात, "आज उपास बाबांनो, माझ्याकडे बघू नका."

तर मंडळी, या आठवड्यात एकच काम करा. टेस्ट किट आणा, आपल्या टँकचा अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि तापमान मोजा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. काही अडलं तर हेच पाच आकडे मला पाठवा, नुसता माशाचा फोटो नको. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि पाणी सुटेल त्या दिवशी टँकचं पिंप आधी भरा!